पुरावा प्रतिवादीच्याच कपाटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चालकाविना धावणाऱ्या टॅक्सींविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा दोनच मुद्द्यांभोवती फिरते. ही गाडी माणसापेक्षा सुरक्षित आहे का, आणि तिच्यामुळे चालकांच्या पोटावर पाय येईल का. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तीसेक वर्षे जखमींच्या आणि मृतांच्या वारसांच्या बाजूने उभा राहिलेला वकील म्हणून मला तिसराच प्रश्न पडतो. अशा टॅक्सीने कोणाला उडवले, तर दावा शाबित करण्यासाठी लागणारा पुरावा कोणाच्या ताब्यात असेल?

सॅन फ्रान्सिस्को येथे २ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री झालेला अपघात या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला आधी माणूस चालवत असलेल्या मोटारीने धडक दिली आणि तो चालक पळून गेला. त्या धडकेने ती शेजारच्या मार्गिकेत, जनरल मोटर्सच्या ‘क्रूझ’ या कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीपुढे फेकली गेली; टॅक्सीचीही तिला धडक बसली आणि टॅक्सी थांबली. इथपर्यंतचे प्रकरण आमच्या व्यवसायातल्या कोणालाही नवे नाही: दोन वाहने, एक पसार, आणि दोघांमध्ये जबाबदारीची वाटणी. मात्र त्यानंतर टॅक्सीच्या संगणकाने धडक बाजूने बसल्याचा चुकीचा अर्थ लावून गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला सुरुवात केली आणि खाली अडकलेल्या त्या महिलेला सुमारे २० फूट फरफटत नेले. कंपनीनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी पुढे केलेल्या तपासणीत असे आढळले, की गाडीच्या डाव्या बाजूच्या कॅमेऱ्यात तिचे पाय दिसत होते. ते माणसाचे पाय आहेत, एवढे मात्र प्रणालीला उमगले नाही.

कंपनीने सुरुवातीला जे जाहीरपणे सांगितले, त्यात पळून गेलेला मानवी चालक होता, टॅक्सीने लावलेला ब्रेक होता, आणि फरफटत नेल्याचा उल्लेख मात्र नव्हता. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाच्या म्हणण्याप्रमाणे, त्याच्या अधिकाऱ्यांना टॅक्सी पहिल्यांदा थांबेपर्यंतचीच चित्रफीत दाखवण्यात आली. कंपनीचे म्हणणे होते, की चित्रफीत पूर्ण लावली होती. दोघांपैकी खरे कोण, हा वाद घटकाभर बाजूला ठेवू. लक्षात घेण्याची बाब ही, की शासकीय विभागालासुद्धा अपघाताचे दृश्य कंपनी दाखवील तितकेच पाहावे लागत होते. २४ ऑक्टोबरला विभागाने कंपनीचा परवाना निलंबित केला. फरफटीचा भाग वगळून केंद्रीय यंत्रणेला खोटा अहवाल दिल्याची कबुली कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिली आणि त्यापोटी ५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा १५ लाख डॉलरचा दंड त्याआधीच झाला होता. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने या टॅक्सीव्यवसायातून अंग काढून घेतले.

जखमी महिलेबरोबर झालेल्या तडजोडीची रक्कम ८० लाख ते १ कोटी २० लाख डॉलरच्या दरम्यान असल्याचे वृत्त होते. तिला पैसे मिळाले, हे चांगलेच झाले. तथापि तडजोड झाली म्हणजे निकाल नाही, निकाल नाही म्हणजे कारणमीमांसा नाही, आणि उद्या दुसऱ्या शहरात असाच दावा करणाऱ्याच्या वकिलाला बोट ठेवण्यासाठी एक ओळही नाही. आपल्या न्यायाधिकरणांच्या दिरंगाईवर मी स्वतः आयुष्यभर चडफडलो आहे; तरीही प्रणय सेठी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल हाती घेऊन तालुक्याच्या गावचा नवखा वकीलही भरपाईचा हिशेब मांडू शकतो, ही सोय लहान नव्हे. ॲरिझोनातील टेम्पी येथे १८ मार्च २०१८ रोजी उबरच्या चाचणीगाडीखाली सायकल हाती धरून चाललेली एक महिला मृत्युमुखी पडली, तेव्हाही कुटुंबाशी तडजोड तो महिना संपण्यापूर्वीच उरकली. गाडीच्या संवेदकांनी तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपले होते, हे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीमुळे पुढे आले. फौजदारी खटला मात्र कंपनीवर न होता, गाडीत बसवलेल्या देखरेखीच्या कर्मचाऱ्यावर झाला.

आमच्याकडच्या फिर्यादीतले ठरलेले वाक्य वाचकांना ठाऊक असेल: ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून...’. या एका वाक्यावर, पंचनाम्यावर आणि चाकांच्या खुणांवर आमचे दावे उभे राहिले. पंचनामा पोलीस करतात, खुणा रस्त्यावर असतात, साक्षीदार चहाच्या टपरीवर सापडतो. यांपैकी काहीही प्रतिवादीच्या कुलपात नसते. चालकविरहित टॅक्सीत हयगय झालीच असेल, तर ती संगणकाच्या आज्ञावलीत आणि त्या क्षणाच्या नोंदीत असते, आणि ती नोंद ज्याच्यावर दावा लावायचा त्याच्याकडे असते. पोलिसांची स्थिती तर अशी, की सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे बेकायदा यू-टर्न घेणारी चालकविरहित टॅक्सी पोलिसांनी अडवली खरी, पण चलन कोणाच्या नावे फाडायचे हे त्यांना कळेना. अशा गाडीच्या कंपनीला नियमभंगाची नोटीस देण्याची तरतूद तिथे नव्या कायद्याने केली असून, तिच्या अंमलबजावणीची तारीख १ जुलै २०२६ आहे.

माझी भीती अवाजवी वाटणाऱ्यांनी मायामीतील ऑगस्ट २०२५ चा टेस्लाविरुद्धचा निकाल पाहावा. ती टॅक्सी नव्हती आणि चाकामागे माणूस होता, हे मान्य. ‘ऑटोपायलट’ ही चालकाला साहाय्य करणारी प्रणाली सुरू असताना खाली पडलेला फोन उचलायला तो वाकला, आणि रस्त्याकडेला उभी असलेली एक तरुणी २०१९ मध्ये प्राणाला मुकली. अपघातक्षणीची जी नोंद कंपनीला सापडत नव्हती, ती वादींच्या तज्ज्ञाने गाडीतल्या संगणकातून बाहेर काढली. ज्यूरीने टेस्लाचा दोष ३३ टक्के ठरवला आणि दंडात्मक भरपाई धरून सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलरचा बोजा तिच्यावर टाकला. कंपनीने निकाल मान्य केलेला नाही. असा तज्ज्ञ नेमणे किती जखमींना परवडेल?

टॅक्सीत बसलेल्या प्रवाशाची गोष्ट आणखी निराळी. लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलो असताना मी अशा टॅक्सीतून दोनदा फिरलो. गाडी अतिशय शिस्तीत चालली, पुण्याच्या रिक्षांची सवय असलेल्या मला तर जरा जास्तच शिस्तीत. ॲप लेकीच्या फोनवर, अटींखाली ‘मान्य’चे बटण तिने दाबलेले, मी एक अक्षर वाचलेले नाही. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, मुलीने आईच्या फोनवरून जेवण मागवताना मान्य केलेल्या उबरच्या अटींमुळे, उबरच्या गाडीत जखमी झालेल्या त्या आईवडिलांना न्यायालयाऐवजी लवादाकडे जाण्यास सांगितले होते. ती गाडी माणूसच चालवत होता. पण अट ॲपमध्ये असते, आणि चालक गेला तरी ॲप राहणारच आहे.

ब्रिटनने या बाबतीत बरी वाट धरली. तिथल्या २०१८ च्या कायद्यानुसार गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला, तर जखमीला आधी विमा कंपनी भरपाई देते आणि नंतर उत्पादकाशी तिचे तीच भांडते. विधी आयोगाने २०२२ च्या अहवालात गाडीतील नोंदी ३९ महिने जपण्याची शिफारस केली होती, म्हणजे दाव्याची मुदत संपण्यापूर्वी त्या पुसल्या जाऊ नयेत. युरोपीय संघाचा उत्पादन-दायित्वाचा नवा निर्देश याहून कडक आहे: संगणकाची आज्ञावलीही उत्पादनच मानली जाईल, आणि न्यायालयाने मागितलेला पुरावा प्रतिवादीने दिला नाही, तर उत्पादन सदोष होते असे गृहीत धरले जाईल. सदस्य देशांना त्यानुसार कायदे करण्यासाठी ९ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे. पुरावा दडवणाऱ्यावर तो दडवणेच उलटवण्याची ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडे अशा गाड्या येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात म्हणाले होते, आणि कारण रोजगाराचे दिले होते. मंत्र्यांचा शब्द हा कायदा नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २ब खाली, नवसंशोधनाच्या नावाने काही वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळालेलाच आहे. दोष शाबित न करता मिळणारी कलम १६४ ची भरपाई मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहे. त्याहून अधिक हवे तर कलम १६६ खाली हयगय शाबित करावी लागते, आणि ती कोणाची, हा प्रश्न पहिल्याच तारखेला उभा राहील. म्हणून कलम २ब खाली पहिली सूट दिली जाईल त्या अधिसूचनेतच, अपघाताच्या आधीच्या व नंतरच्या नोंदी ठरावीक दिवसांत न्यायाधिकरणाकडे मोहोरबंद जमा करण्याची आणि तसे न केल्यास दोष गृहीत धरण्याची अट घातली जावी, अशी माझी सूचना आहे. आपल्या दैनिकातर्फे ती परिवहन मंत्रालयापर्यंत पोहोचावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा