माळ्यावर सापडलेला जुना कॉम्प्युटर लगेच प्लगला लावू नका

संपादक साहेब, नमस्कार.

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की जुन्या होम कॉम्प्युटरच्या नादाला लागलेल्या आमच्यासारख्यांना फोन यायला लागतात, काकांच्या माळ्यावर स्पेक्ट्रम सापडलाय, शाळेच्या अडगळीत बीबीसी मायक्रो आहे, घेता का? आनंद होतो हो, पण पुढचं वाक्य ठरलेलं, "चालतोय का बघायला लावला तर धूर आला."

हे बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या शाळांत आले ते १९८४ च्या 'क्लास' या शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारी योजनेत, म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेली. त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये घरातली वीज आत येते त्या बाजूला कागदी फिल्टर कपॅसिटर (विजेतला खरखराट गाळणारे छोटे भाग) असतात, वरचं प्लास्टिक तडकतं, आत दमट हवा शिरते आणि इतक्या वर्षांनी बटण दाबलं की फट्ट! बऱ्याचदा बाकी मशीन धडधाकट असतं आणि किरकोळ पैशात नवीन कपॅसिटर बसतात, पण घरचे घाबरून ते थेट भंगारात देतात. कमोडोर ६४ या दुसऱ्या होम कॉम्प्युटरचं उलटं, तिथे धूर नाही काही नाही, सप्लायमधला व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज येतं आणि मेमरीच्या चिप्स गुपचूप मरतात. म्हणून आधी सप्लाय वेगळा काढून जाणकाराकडून मल्टीमीटरने तपासून घ्या, मगच मशीनला लावा.

तरी मशीनचं काय, कीबोर्डच्या बटणांखालचा पातळ पडदा (मेम्ब्रेन) नवीन बनवून मिळतो, चिप्स मिळतात. (पेरॉक्साइड चोपडून कॉम्प्युटरची पिवळी पडलेली बाहेरची पेटी पांढरी करायचं वेड मला काही पटत नाही, असो.) जातात त्या कॅसेट, तेव्हा प्रोग्राम साध्या गाण्यांच्या कॅसेटवरच साठवायचे ना. बाजारातले गेम जगभरच्या हौशी लोकांनी केव्हाच जपून ठेवलेत, पण एखाद्या मास्तरांनी पोरांसाठी बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम दुसरीकडे कुठे असणार? स्पेक्ट्रमवर ८ बाय ८ ठिपक्यांत २१ चिन्हं आपली आपण बनवता यायची, कुणी त्यात देवनागरी बसवली असेल तर ती त्या एकाच टेपवर असेल आणि आपण त्यावर भजनं रेकॉर्ड करून मोकळे. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर अजिबात वाजवू नका, आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. टेप स्वच्छ असेल तर टेपरेकॉर्डरचं डॉल्बी (खरखर कमी करणारं बटण) बंद ठेवून लॅपटॉपवर वेव्ह फाइल करा, एमपीथ्री नको, त्यात आवाजाचा काही भाग गाळला जातो.

मोबाईलवर एम्युलेटर (जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं ॲप) आहे की, म्हणणारे भेटतात. आहेच, पण त्यात घालायला प्रोग्राम तर हवा ना!

ई-कचऱ्याच्या मोहिमांना माझा विरोध नाही, फक्त शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि घरोघरी विनंती आहे की गाडी यायच्या आधी मशीन, सप्लाय, कॅसेट, फ्लॉप्या आणि हाताने प्रोग्राम लिहिलेल्या वह्या एकाच खोक्यात भरून बाजूला ठेवा, आणि तांब्यासाठी वायरी कुणाला कापू देऊ नका.

– एक वाचक, मिरज