हॅलोविनच्या थडग्यांचा बेत: आई-बाबांना पत्र

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांना,
सा. न.

गणपती उरकून तुम्ही इकडे याल तेव्हा हॅलोविनला जेमतेम महिना राहिलेला असेल. बाबा आणि त्यांच्या नातवाने मिळून अंगणात मांडायची थडगी करायची असं ठरलंय, म्हणून सामान, मापं आणि कामाचा क्रम आधीच कळवते आहे.

आई, दारात थडगी मांडायची हे तुला रुचलेलं नाही, मला कळतं. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागत फिरतात आणि हा सगळा पसारा त्यांना थोडं भिववण्यासाठी असतो. थडग्यांवर खऱ्या माणसाचं नाव कधीच घालायचं नाही. ‘बॅरी डी. अलाइव्ह’ असलं काहीतरी लिहितात, मोठ्याने वाचलं की इंग्रजीत ‘बरीड अलाइव्ह’, म्हणजे ‘जिवंत पुरलेला’, असं ऐकू येतं. लक्ष्मीपूजन यंदा ८ नोव्हेंबरला आहे. १ तारखेला सगळं उचललं की अंगण तुझ्या रांगोळीला मोकळं.

बाबा, आता सामानाचं. मखराला तुम्ही वापरायचात तो दाणेदार पांढरा थर्माकोल इथेही मिळतो, पण तो घ्यायचा नाही. कापताना दाणे सुटतात आणि अक्षराची कड कधीच धारदार येत नाही. भिंतीत थंडी अडवायला घालतात तो गुलाबी किंवा निळा फोम आणायचा. त्याचा पोत सलग असतो, सुरी साबणातून जावी तशी जाते. फोमचा पत्रा ४ बाय ८ फुटांचा, जाडी २ इंच. २ फूट रुंद आणि ३२ इंच उंच असे थडग्याचे चार दगड ६४ इंचांत बसतात. उरलेल्या ३२ इंचांतून ८ इंच रुंदीच्या चार पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीतून २८ इंच कापले की दगडाखालची बैठक झाली, राहिलेल्या २० इंची तुकड्यांतून क्रूस किंवा वरची महिरप करता येईल. काही पत्र्यांवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो सोललाच पाहिजे, नाहीतर रंग त्याच्यासकट निघून येतो.

कापायला लांब पात्याचा कटर आणि स्टीलची पट्टी पुरते. एका दमात आरपार जायचं नाही, तीन-चार हलके फेरे मारायचे. पातं बोथट झालं की फोम कापला न जाता उचकटतो, म्हणून प्रत्येक दगडाला टोकाचा तुकडा मोडून नवी धार घ्यायची. तापवलेल्या तारेचा तुमचा हात बसलेला आहे, पण या फोमचा धूर वाईट. तार वापरलीत तर बाहेर, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभं राहून. घासताना मास्क लावायचा आणि खाली ताडपत्री घालायची. हा भुगा कुजत नाही, गटारात गेला की थेट नदीत जातो.

अक्षरं कागदावर छापून, टाचणीने टोचून फोमवर उतरवायची. उंची किमान अडीच इंच, म्हणजे फुटपाथवरून वाचता येतात. खोली दोन सुतांपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा, कमी नको, कारण वरचा रंग जाड असतो आणि उथळ अक्षरं त्यात बुजून जातात. पातं दोन्ही बाजूंनी तिरकं धरून खोबण काढायची. तडा दाखवायचा तर कडेपासून सुरू करायचा आणि आत येताना निमुळता करत न्यायचा. मधेच सुरू होणारी भेग खोटी वाटते. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा पृष्ठभागावर दाबत फिरवला की दगडाची छिद्रं उठतात. हे काम नातवाला द्या, त्यात चूक होतच नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते आधाराकडे. असा दगड किलोभरही भरत नाही आणि वाऱ्याला त्याचं तोंड सव्वापाच चौरस फुटांचं. ऑक्टोबरात इथे वादळी वारे येतात, नुसता टेकू दिलेला दगड सकाळी शेजारच्या दारात सापडेल. म्हणून मागच्या बाजूला, एकमेकींपासून फूटभर अंतरावर, खालून वर दोन खाचा पाडायच्या: सात सूत रुंद, सात सूत खोल, १० इंच लांब. त्यात अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे १२ इंची तुकडे चिकटवायचे. खाली राहिलेले दोन इंच बैठकीला पाडलेल्या भोकांतून आरपार जातात. मग तीन सुती सळईचे दोन-दोन फुटांचे तुकडे जमिनीत फूटभर ठोकायचे आणि पाइप त्यांच्यावर सरकवायचे. एकाच सळईवर दगड गरगर फिरतो, दोन हव्यातच. ठोकण्याआधी ८११ या नंबरावर कळवावं लागतं. गॅस आणि केबल जमिनीखाली कुठून जातात त्याच्या खुणा ते फुकट करून देतात, पण त्याला काही दिवस लागतात. तो फोन मी तुम्ही यायच्या आधीच करते. दगड काढलेला असेल तेव्हा सळईच्या टोकावर टोपी हवीच, अंधारात मुलं पळतात.

चिकटवायला फोमसाठीचाच गोंद हवा, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. बाकी बऱ्याच बांधकामाच्या गोंदांत सॉल्व्हंट असतो, तो फोम खाऊन आत खळगा करतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद फोमच्या दोन पत्र्यांमध्ये हवाच पोचत नसल्याने कित्येक दिवस ओला राहतो. बांबूच्या काड्या टोचून सांधा धरून ठेवायचा आणि पूर्ण दिवस हलवायचा नाही.

रंगातही तोच शत्रू. स्प्रेचा डबा थेट मारला की फोम विरघळतो. तळघराच्या भिंतींना ओल येऊ नये म्हणून लावतात तो ड्रायलॉक नावाचा रंग आणायचा, पाण्यातला, करड्या छटेत. त्यात बारीक कण असतात, त्यामुळे वाळल्यावर हाताला सिमेंटच्या गिलाव्यासारखा लागतो. एक गॅलन चारही दगडांच्या पुढच्या बाजूंना आणि कडांना दोन हात द्यायला पुरतो. मागे उरलासुरला करडा रंग चालेल. तो वाळला की एक भाग काळा लॅटेक्स (पाण्यातला) रंग, चार भाग पाणी असं पातळ करून सगळीकडे फासायचं आणि लगेच ओल्या फडक्याने पुसायचं. काळं अक्षरांत आणि भेगांत राहतं. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. रंगाच्या या एका हातानेच फोमचा दगड होतो, म्हणून तिथे घाई नको. १० अंश सेल्सियसखाली हे रंग नीट धरत नाहीत, तेव्हा रंगकाम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपवायचं.

वेळ उरला तर मधोमध एक झगा घातलेली आकृती करू. आई, गोणपाटाचा झगा तू शिवशील? पाइपचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी, आणि पाच भाग जॉइंट कंपाउंडमध्ये (भिंतीचे सांधे भरायच्या लुकणात) एक भाग लॅटेक्स रंग कालवून त्यात बुडवलेलं गोणपाट. ओलं असताना ते भलतंच जड होतं, म्हणून सांगाड्याला तिरक्या तणाव्या आधीच घालायच्या. घड्या हाताने पाडायच्या आणि दोन-तीन दिवस वाळू द्यायचं. हे कंपाउंड पावसात पुन्हा मऊ पडतं. बाहेरचा रंग दिला तरी आकृती ओसरीच्या छपराखालीच ठेवलेली बरी.

दिवे एलईडीचेच. फोम पेटला तर काळा धूर सोडत भडकतो, त्यामुळे त्याच्या आसपास मेणबत्ती नाही आणि पणती तर नाहीच. झोत जमिनीलगत, एका बाजूने टाकायचा. समोरून टाकला की कोरलेलं सगळं सपाट दिसतं.

बाबा, महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या मखरांवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून हे दगड एका वर्षासाठी करायचे नाहीत. नोव्हेंबरात कोरडे करून, मधे जुन्या चादरी घालून, उभे ठेवले तर पुष्कळ वर्षं टिकतात.

येताना जवळचा चष्मा आणि तुमची बारीक कानस आणा. बाकी सगळं इथे मिळतं.

तुमची लेक