गेर्लँ घराणं आणि तुझी नोकरी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या अत्तर कंपनीने तुला नोकरी देऊ केली, त्यावर परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, अत्तरं करणं हे घराण्याचं काम. एम.एस्सी. झालेल्या पोरीनं तिथे जाऊन काय करायचं?" फोनवर एवढं सगळं सांगणं होत नाही, म्हणून हे पत्र.

घराण्याचं म्हणतेस, तर पॅरिसच्या गेर्लँ घराण्याचंच बघ. पिएर-फ्राँस्वा-पास्काल गेर्लँ यांनी 1828 साली रिव्होली रस्त्यावर, मरिस हॉटेलच्या तळमजल्यावर दुकान थाटलं. 1853 मध्ये तिसऱ्या नेपोलियनची सम्राज्ञी युजेनी हिच्यासाठी त्यांनी कोलोन केलं. बाटलीच्या काचेवर मधमाश्या उमटवल्या, कारण मधमाशी हे बोनापार्टांचं, म्हणजे नेपोलियनच्या घराण्याचं चिन्ह. पाठोपाठ दरबारी अत्तरकार हा मानही मिळाला. इथवरची गोष्ट राजाश्रयाची आहे, आणि तसे भाग्यवान दुकानदार पॅरिसात आणखीही होते.

खरी गंमत दुसऱ्या पिढीपासून सुरू होते. पर्किन या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाची अभिक्रिया तुझ्या चांगल्या परिचयाची आहे. सॅलिसिलाल्डिहाइड या रसायनापासून त्याने 1868 मध्ये कुमारिन हे सुगंधी द्रव्य केलं, ते या गोष्टीत येऊन बसतं. कुमारिनचा वास म्हणजे कापून उन्हात वाळत टाकलेल्या गवताचा, थोडा बदामाकडे झुकणारा. 1874 मध्ये टीमान आणि हार्मान यांनी पाइनच्या झाडातल्या कोनिफेरिन या द्रव्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं मूळ द्रव्य मिळवलं. उबिगाँ या दुसऱ्या घराण्याने 1882 मध्येच कुमारिन वापरलं होतं. पण पिएर यांचा मुलगा एमे याने 1889 साली, आयफेल मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, लॅव्हेंडर, जवादी (जवादी मांजराचं सुगंधी द्रव्य), कुमारिन आणि व्हॅनिलिन एकत्र बांधून 'जिकी' केलं. तोवर अत्तर म्हटलं की बहुतेकदा गुलाब, व्हायोलेट अशा एखाद्या फुलाची नक्कल असायची. जिकीसारखा वास कुठल्याच बागेत मिळत नाही. बायकांनी म्हणे सुरुवातीला नाकं मुरडली आणि ते पुरुषांनीच आधी लावलं. मला हे पाऊल फार धाडसाचं वाटतं. दरबारी मानमरातब असलेल्या घरातल्या माणसाने प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या भुकटीवर विश्वास टाकला.

एमेचा पुतण्या जाक याने त्याच्याही पुढे मजल मारली. इथिल व्हॅनिलिन हा व्हॅनिलिनचा कृत्रिम भाऊबंद हाती आला तेव्हा त्याने ते जिकीच्या बाटलीत ओतून पाहिलं आणि त्यातून 'शालिमार' सुचलं, असं सांगतात. रचना डोळ्यांसमोर आण: मिथॉक्सीच्या जागी इथॉक्सी, म्हणजे रेणूच्या एका फांदीत एक कार्बन जास्त, बस एवढाच फरक. वास मात्र तिपटी-चौपटीने तीव्र! 1925 च्या पॅरिसच्या सजावटी कलांच्या प्रदर्शनात हे अत्तर झळकलं. जाहिरातीत शहाजहान आणि मुमताजची प्रेमकथा होती. श्रीनगरचं शालिमार उद्यान मुळात जहांगीरने वसवलं आणि लाहोरचं शहाजहानने, पण अत्तराच्या गोष्टीत तेवढी सूट देऊ या. बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाची आंबटगोड झुळूक येते आणि जाते, मग खाली व्हॅनिलाचा धुरकट गोडवा कितीतरी तास टिकतो.

जाकचा नातू जाँ-पोल याने 1959 मध्ये वाळ्याचं 'व्हेटिव्हेर' केलं, तंबाखू आणि जायफळाची जोड देऊन. उन्हाळ्यात आई माठात टाकते तोच हा वाळा. 1989 च्या त्याच्या 'संसारा'त म्हैसूरच्या चंदनाबरोबर चंदनाच्या वासाचा कृत्रिम रेणूही होता. झाडाकडून येणारं आणि फ्लास्कमधून येणारं या माणसांनी कधी वेगळ्या पंगतीला बसवलं नाही. तू मात्र कृत्रिम म्हणजे नकली असं मनात धरून बसली आहेस. जिकी हुंगून झाल्यावर मला हे पुन्हा सांग.

हातकामही तिथे सुटलेलं नाही. त्यांच्या खास बाटल्यांना अजून बायका हातांनी सील करतात. बुचावर आतड्याच्या पातळ पापुद्र्यासारखं आवरण ओलं करून ताणून बसवायचं, मानेभोवती रेशमी दोरा आवळून गाठ मारायची, आणि दोऱ्याची टोकं विंचरून त्यांचा झुबका करायचा. दोरा जरा सैल राहिला तर अत्तर उडून जायला वाट मिळते, म्हणून शिकायला वेळ लागतो.

आता तुझ्या मुख्य शंकेचं. 1994 मध्ये एलव्हीएमएच या बड्या समूहाने ही कंपनी घेतली. 2008 मध्ये मुख्य अत्तरकार म्हणून आला तो तिएरी वासेर, स्वित्झर्लंडचा, गिव्हॉदान या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीच्या शाळेत शिकलेला. घराण्याबाहेरचा पहिलाच. जिकी आणि शालिमारची सूत्रं ज्याच्या हवाली झाली, त्याला ती वारशाने मिळालेली नव्हती. हजारो द्रव्यांचे वास रोज हुंगून, लिहून, पाठ करून नाक तयार होतं, आणि पाठांतरात तू शाळेपासून कुणाला ऐकली नाहीस.

तेव्हा त्या मुंबईच्या कंपनीला होकार कळव, शुक्रवारची मुदत जाऊ देऊ नकोस. पहिलं वर्ष नुसते नमुने मोजण्यात गेलं तरी मोज. कंपनीच्या नियमात बसत असेल तर कुमारिनची चिमूटभर पूड मला दाखवायला आण, मी आयुष्यभर फळ्यावर तिचं सूत्र लिहीत आलो. आई ठीक आहे, गुडघा आता बराच बरा.

तुझे,
बाबा