मंदी किती खोल, त्याआधी विचारा ती कोणत्या महिन्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी मराठी वर्तमानपत्रांत, आणि आपल्याही पत्रात, एक विधान वारंवार छापून येते: मंदी आली की अध्यक्षाची फेरनिवड गेलीच. हे विधान अर्धेच खरे आहे. त्यावर विसंबून मराठी वाचक तिकडच्या घडामोडींचा अंदाज बांधतो आणि फसतो, म्हणून हे पत्र.

हर्बर्ट हूवर १९३२ साली हरले तेव्हा दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता. प्रतिनिधी मते (राज्यागणिक निवडल्या जाणाऱ्या प्रतिनिधींची मते, ज्यांवर अध्यक्ष ठरतो) पडली हूवरना ५९ आणि फ्रँकलिन रूझवेल्टना ४७२. हे उदाहरण सगळे देतात. त्याच्या पुढचे, १९३६ चे, क्वचितच कोणी देतो. तेव्हाही बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास होती, तरी रूझवेल्ट ५२३ विरुद्ध ८ असे निवडून आले. चार वर्षांपूर्वी बंद पडलेली गिरणी पुन्हा सुरू झालेली लोकांना दिसत होती, आणि मत त्या दिसण्याला पडले.

याहून बोलके उदाहरण अलीकडच्या चार निवडणुकांचे. १९८० चे कार्टर, १९८४ चे रीगन, १९९२ चे थोरले बुश आणि २०१२ चे ओबामा, या चौघांच्याही वेळी मतदानाच्या सुमारास बेकारी सात ते आठ टक्क्यांच्या दरम्यानच होती. कार्टर आणि बुश हरले, रीगन आणि ओबामा जिंकले. रीगन यांच्या काळात ती १९८२ अखेरीच्या १०.८ टक्क्यांवरून उतरत आली होती, ओबामांच्या काळात ऑक्टोबर २००९ च्या १० टक्क्यांवरून. कार्टर यांच्या वेळी निवडणुकीच्याच वर्षी ती वर चढली आणि जोडीला १३.५ टक्के महागाई होती. इराणमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकी दूतावासातल्या लोकांचे प्रकरणही होतेच, ते वजा करता येत नाही.

बुश यांचे प्रकरण मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्या वेळची मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती, म्हणजे मतदानाच्या दीड वर्ष आधी. पण उत्पादन वाढू लागले म्हणून कारखानदार लगेच भरती करत नाही. आधी तो आहे त्याच माणसांना ओव्हरटाइम देतो, मग हंगामी माणसे घेतो, आणि मागणी टिकेल अशी खात्री पटल्यावरच कायमची नोकरी निघते. त्यामुळे मंदी संपूनही बेकारी वाढतच राहिली आणि जून १९९२ मध्ये ७.८ टक्क्यांवर पोहोचली. मंदी मार्च १९९१ मध्येच संपल्याचे तिथल्या अर्थतज्ज्ञांच्या अधिकृत समितीने जाहीर केले ते डिसेंबर १९९२ मध्ये, बुश हरल्यानंतर. कागदावरची सुधारणा घरातल्या पगारापर्यंत उशिरा पोहोचते. आमच्या मते अध्यक्षाचे भवितव्य या उशिरातच ठरते.

आता आकडे वाचण्यातली एक चूक, जी मराठी बातम्यांत आम्हाला सतत दिसते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत अमेरिकेचा जीडीपी ३१.४ टक्क्यांनी आणि भारताचा २३.९ टक्क्यांनी घसरला, असे दोन आकडे शेजारी ठेवले की अमेरिका जास्त बुडाली असे वाटते. खरे याच्या उलट आहे. भारताचा आकडा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करून काढतात. अमेरिकेचा आकडा आदल्या तिमाहीशी तुलना करतो आणि हीच गती चार तिमाह्या टिकली तर वर्षात काय होईल ते सांगतो; यालाच 'वार्षिक दर' म्हणतात. एका तिमाहीतली प्रत्यक्ष घट होती सुमारे ९ टक्के. पुढच्या तिमाहीत ३३.१ टक्के वाढ झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा सगळे भरून निघाले असे वाटले. प्रत्यक्षात ती वाढ साडेसात टक्क्यांच्या आतबाहेर होती. १०० चे ९१ झाले, ९१ चे जेमतेम ९८. हा आकडा २०२० च्या अध्यक्षीय मतदानाच्या पाच दिवस आधी आला, आणि तोवर कोट्यवधी लोकांची टपालाने व आगाऊ मते टाकून झाली होती.

त्याच वर्षी उत्पादन कोसळलेले असताना घराघरांत सरकारी मदत येत होती: प्रौढ माणशी १,२०० डॉलरपर्यंतचा धनादेश आणि वाढीव बेकारी भत्ता. त्यामुळे हातात पडणारे उत्पन्न उलट वाढले. ट्रम्प हरले तरी त्यांना सात कोटींहून अधिक मते पडली, त्याचे एक कारण आम्हाला इथे दिसते.

महागाईचे गणित निराळे. बेकारी शंभरातल्या चार-पाच किंवा दहा घरांना मारते, महागाई शंभरच्या शंभर घरांना. जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेलेला महागाईचा दर ऑक्टोबर २०२४ पर्यंत २.६ वर आला होता आणि बेकारी ४.१ टक्केच होती, तरी सत्ताधारी पक्षाच्या कमला हॅरिस हरल्या. दर उतरला म्हणजे भाव उतरले असे होत नाही, भाव फक्त हळू चढतात. जानेवारी २०२१ मध्ये १०० डॉलरना मिळणारे सामान तोवर सुमारे १२० डॉलरवर गेले होते. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला १२० दिसतात, २.६ दिसत नाही.

इंदूरच्या वाचकाला सोयाबीनचे उदाहरण जवळचे वाटेल, कारण शिकागोच्या वायदेबाजारातला भाव हलला की त्याची चर्चा छावणीच्या मंडीतही होते. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले आणि अमेरिकी शेतकऱ्याचा भाव पडला. अमेरिकी सरकारने त्या वर्षी १२ आणि पुढच्या वर्षी १६ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. सोयाबीनचे मोठे राज्य असलेले आयोवा २०२० मध्येही ट्रम्प यांच्याकडेच राहिले. ते केवळ मदतीमुळे असे आम्ही म्हणणार नाही, पण मार बसला आणि भरपाईही हातात आली, हे दोन्ही हिशेबात धरावे लागते.

अमेरिकेचे तिमाही आकडे साधारणपणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या अखेरीस येतात, बेकारीचे बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. त्या दिवशीच्या बातमीत 'वार्षिक दराने' हे दोन शब्द गाळू नयेत, शेजारी त्या तिमाहीतला प्रत्यक्ष बदल द्यावा, आणि बेकारीच्या आकड्यापुढे वर्षभरापूर्वीचा आकडा कंसात छापावा, एवढी आपल्या वृत्तविभागाला कळकळीची विनंती.

आपले,
अर्थशास्त्र व राज्यशास्त्राचे काही निवृत्त प्राध्यापक, इंदूर