कॅमेऱ्याच्या बॅगेतली चिठ्ठी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मी मावशीकडे साताऱ्याला चाललेय, म्हणून हे लिहून बॅगेत ठेवतेय. फोनवर सांगितलं की तू नुसतं "हो गं आई" करतोस.

धबधब्याचे फोटो काढायला केळदजवळच्या मढे घाटाला जायचंच असेल तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी तिथे पाण्यापेक्षा स्पीकरचा आवाज मोठा असतो. कोथरूडातून साडेतीनला निघ. पाबे घाटाचा रस्ता देखणा आहे, पण अंधारात आणि धुक्यात नको. नसरापूर फाट्यावरून वेल्हे आणि तिथून केळद, असा जा. सव्वादोन तास तरी धर.

लक्ष्मी धबधबा डोळे भरून बघ, पण ट्रायपॉड तिथे उघडू नकोस. धबधबा वरून दरीत कोसळतो, काठावर उभं राहून फोटोत मावत नाही आणि काठ ओला असतो. फोटोसाठी तुला कागदावर काढून दिलेली ओढ्याची घळ तिथून अर्ध्या तासावर आहे. वाट खाचरांजवळून जाते. आता भातलावणी चालू असेल. बांधावर पाय देऊ नकोस. ओला बांध खचला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि कुणाच्या तरी कंबरड्याचं काम वाढतं. कुणी भेटलं तर आधी रामराम घाल, मग पुढच्या ओढ्याला किती पाणी आहे ते विचार. त्यांच्याइतकं ते कुणालाच कळत नाही.

एवढी झोपमोड कशाला, असं तुझे मित्र म्हणतील. उजेडासाठी! सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण घळीचं तोंड पश्चिमेला आणि पाठीशी डोंगर, त्यामुळे आत ऊन यायला बराच वेळ लागतो. तोवर सगळीकडे सारखा, मऊ उजेड असतो. ऊन आलं की पाणी पांढरंफटक, कातळ काळाकुट्ट आणि मधल्या छटा गायब.

आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ 8 ते 11. एफ 22 वर जाऊ नकोस, भोक फार बारीक होतं आणि डिफ्रॅक्शनने, म्हणजे प्रकाश पसरून, सगळं चित्रच धूसर पडतं. लेन्सवर पोलरायझर, तो चकाकी कापणारा फिल्टर, लाव आणि फिरवून बघ. ओल्या पानांवरची, दगडांवरची चकाकी उतरते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. पोलरायझर दीडेक स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), पण आपल्याला शटर सावकाशच हवं आहे. पाव ते अर्धा सेकंद पुरे. चार-पाच सेकंद ठेवून पाण्याचा पिंजलेला कापूस करणारे लोक आहेत, मला ते फोटो आवडत नाहीत. पाण्याच्या बटा दिसायला हव्यात. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. आणि जाताना गाडीत एसी नको. गार कॅमेरा दमट हवेत काढलास तर काच आतबाहेर धुरकटेल आणि तू पुसत बसशील.

आता पाण्याचं. घळीत तुझ्या डोक्यावर थेंबही नसताना वरच्या पठारावर धो धो कोसळत असू शकतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या किंवा आवाज जड झाला, की फ्रेम कितीही जमलेली असो, बाहेर. सामान आवरायला वेळ नसेल तर ट्रायपॉड तिथेच सोड. तो पुन्हा घेता येतो. 2024 च्या 30 जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातली माणसं प्रवाहात अडकली, पाच जणांचा जीव गेला. तू तेव्हा त्याचा व्हिडिओ अर्ध्यात बंद केला होतास. ओढा ओलांडून पलीकडे जायचंच नाही, अलीकडूनही चांगली फ्रेम मिळते. शेवाळलेल्या कातळावर महागड्या बुटांचाही इलाज चालत नाही.

आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघ. जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली असेल तर बेत रद्द, आडवाटेने घुसायची हुशारी नको. जागेचं लोकेशन फोटोबरोबर कुठेही टाकू नकोस. मलाही ती घळ एका गुराख्याने विश्वासाने दाखवली होती.

तिकडे रेंजचा भरवसा नसतो. निघताना फोन कर आणि परत वेल्ह्यात आलास की कर. मावशीला सांगून ठेवलंय, पहाटे वाजला तरी चालेल.

आई

ता. क. बॅटऱ्या दोन आहेत. लाल टेपवाली लवकर उतरते, ती आधी वापर. कार्डातलं काही डिलीट करू नकोस, हललेले फोटोसुद्धा मला बघायचेत.