गोळ्या सुरू करण्याआधी

प्रिय मनवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं शरीर स्त्रीचं व्हावं म्हणून डॉक्टरांनी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक आणि पुरुष-संप्रेरक दाबणारं सायप्रोटेरोन लिहून दिलं, हे ऐकून आम्हां दोघांनाही फार बरं वाटलं. तरी पहिल्या गोळीआधी दोन-तीन आठवडे काढ आणि वीर्यबँकेत शुक्राणू गोठवून ठेव. नातवंडांच्या हट्टापायी सांगत नाही. मूल हवं की नको ते तू पस्तिशीत ठरव. ठरवायची सोय तेवढी हातात राहू दे.

या गोळ्यांनी मेंदूकडून वृषणांना जाणारे संदेश दबतात आणि शुक्राणू तयार होणं मंदावतं, बऱ्याचदा थांबतं. ‘गोळ्या बंद केल्या की परत येतील’ यावर विसंबू नकोस. एक शुक्राणू घडायला साधारण 74 दिवस लागतात. म्हणजे निदान तीन महिने औषधाविना काढायचे, अंगावरचे केस पुन्हा जोर धरणार, आणि एवढं सोसूनही हमी नाही.

टकिंग, म्हणजे वृषणं वर ढकलून घट्ट कपड्यात दाबून ठेवणं, आजपासून बंद ठेव. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड जागा लागते. वर दाबून ठेवली की ती तापतात. गेल्या तीन महिन्यांत डेंगीसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांग.

नमुन्याआधी दोन ते पाच दिवस वीर्यपात नको. त्याहून जास्त थांबलीस तर संख्या वाढते, पण हालचाल मंदावते. बँकेतल्या त्या खोलीत नमुना देणं तुला जड जाईल, हे कळतं. घरून आणू का, असं स्पष्ट विचार. डबी त्यांचीच, निर्जंतुक. तेल, साबण, लोशन, थुंकी काही लागू देऊ नकोस, साधा कंडोमही नको. सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्या थेंबांत असतात. तेच सांडले तर न लाजता सांग. डबी आतल्या खिशात अंगाशी धरून तासाभरात पोचव. बर्फात अजिबात ठेवू नकोस.

लॅबमध्ये त्यात ग्लिसरॉलचं द्रावण हळूहळू मिसळतात, नाहीतर गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. मग आधी नायट्रोजनची वाफ, शेवटी उणे 196 अंश. वितळवल्यावर हलते शुक्राणू साधारण निम्मेच उरतात, म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने दे. प्रत्येकातली एक छोटी स्ट्रॉ, म्हणजे नमुना भरून गोठवलेली बारीक नळी, वितळवून हलत्या शुक्राणूंचा आकडा लेखी घे. तो काही दशलक्षांत असेल तर पुढे साधं आययूआयही, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, जमू शकतं. कमी असेल तर इक्सी, म्हणजे लॅबमध्ये सुईने शुक्राणू अंड्यात सोडणं, तिथे एका अंड्याला एक शुक्राणू पुरतो. नमुन्यात काहीच दिसलं नाही तर वृषणातून छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतात का, हे गोळ्यांआधीच विचार. स्ट्रॉ दोन वेगळ्या टाक्यांत ठेवायला सांग.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसच्या तपासण्या आधी करून घे. 2021 च्या एआरटी (साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे, तुझं काही बरंवाईट झालं तर नमुन्यांचं काय करायचं, हेही लेखी द्यावं लागतं. तिथे आमच्या इच्छेचा विचार करू नकोस. गॅझेटमध्ये नाव बदललं की प्रत बँकेत देऊन जुन्या नोंदीला जोडून घे. भाडं थकलं तर नमुने टाकून देण्याआधी किती दिवसांची नोटीस मिळते, तेही करारात वाच.

सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईने तुमच्यासाठी गर्भ वाढवण्याचा, कायदा आज विवाहित स्त्री-पुरुष जोडपी आणि 35 ते 45 वयाच्या विधवा-घटस्फोटित स्त्रिया यांच्यापुरताच आहे. हा अन्याय आहे. पण त्यासाठी गोठवणं टाळू नकोस. जोडीदाराला स्वतः गर्भ वाढवता येत असेल तर सरोगसीची गरजच पडणार नाही.

शेवटच्या नमुन्याचा वितळवणीचा आकडा हातात आला की त्याच रात्री पहिली गोळी घे.

तुझे,
आई-बाबा