आई-नाना, वहिनीला कारण विचारणं आता बंद करा

ती. आई-नाना,
नमस्कार.

हॉस्पिटलची नाईट संपवून आत्ताच रूमवर आले आणि झोपायच्या आधी हे टाइप करतेय, कारण फोनवर बोलायला गेलं की आई मध्येच विषय बदलते आणि नाना उठून वावरात जातात. नाना, चष्मा लावून तुम्ही वाचा आणि आईला वाचून दाखवा. फक्त ओट्यावर बसून मोठ्याने नको, वहिनी घरात असते आणि काकूला भिंतीपलीकडून सगळं ऐकू जातं.

आई, परवा तू परत तेच म्हणालीस की आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली, झोक्यावर बसली, म्हणून पोट पडलं. मामीला तर तू म्हणे सांगितलंस, "पपई खादी व्हई तिनी". त्याच्या आधी स्कूटीचं झालं, चोपड्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचं झालं, पतपेढीच्या जिन्याचं झालं. आता जरा तो रिपोर्ट बघा, फाईलमध्ये पहिल्याच पानावर आहे, दादाने मला फोटो पाठवला होता. पहिली सोनोग्राफी झाली तेव्हा पाळीच्या तारखेने ९ आठवडे भरले होते पण गर्भाची वाढ दिसली ६ आठवड्यांची, आणि ठोके नव्हते. म्हणजे वाढ दोन-तीन आठवडे आधीच थांबलेली. आणि आखाजी कधी होती? त्या सोनोग्राफीच्या त्याच आठवड्यात. वहिनी झोक्यावर बसली तेव्हा सगळं आधीच थांबलेलं होतं, तिला बिचारीला ते माहीत नव्हतं एवढंच, मळमळ तर चालूच होती. असं होतं, रक्त जात नाही, पोट दुखत नाही, आणि सोनोग्राफीतच कळतं. आमच्याकडे अशा बायका येतात, नवऱ्याला सोबत घेऊन, छान साडी नेसून, बाळाचे ठोके ऐकायचे म्हणून.

त्या दिवशी सोनोग्राफीला काय झालं ते वहिनीने तुम्हाला सांगितलं नसणार. डॉक्टर शेजारी बसलेल्या मदतनीस मुलीला इंग्लिशमध्ये काहीतरी लिहायला सांगत होते त्यावरून तिला कळलं, तिला तोंडाने कोणी सांगितलंच नाही. मग रिपोर्ट टाइप होईपर्यंत बाहेर बाकड्यावर बसवलं, शेजारी एक आठव्या महिन्याची बाई पाण्याची बाटली पीत बसलेली, तिने सहज विचारलं कितवा चालू आहे, आणि वहिनी म्हणाली, तिसरा. दादा तेव्हा खाली पैसे भरत होता. मी मॅटर्निटी वॉर्डातच काम करते म्हणून सांगते, एक वेगळी खोली आणि दोन मिनिटं समजावून सांगायला काही खर्च लागत नाही, पण गर्दी एवढी असते की ते कुणाच्या डोक्यातच येत नाही.

बरं, कारणाचं. पहिल्या तीन महिन्यांत जे पोट पडतं त्यातल्या निम्म्या केसेसमध्ये तरी गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, आणि ती बहुतेक वेळा गर्भ राहतो त्याच वेळी झालेली असते. त्याला पपई, झोका, खड्डे, जिना, कुणाची नजर, काही लागत नाही. २०२१ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकात आलं होतं की जगात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख गर्भ असे जातात, दिवस गेल्याचं कळलेल्या दर १०० बायकांत साधारण १५. म्हणजे आपल्या गल्लीतच किती घरं असतील बघ, फक्त कोणी बोलत नाही. नाना, तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. कपाशीची एकच बॅग, एकच वावर, एकच ठिबक, तरी काही बी उगवत नाही, नांग्या पडतातच ना, तेव्हा तुम्ही आईला विचारता का की तू त्या सरीवरून का चाललीस म्हणून?

दुसरं, गर्भपिशवीचं. आई तुला वाटतंय की पिशवी धुतली म्हणजे कमजोर झाली आणि डॉक्टरने पैशासाठी केलं. तसं नाहीये. डॉक्टरने पहिल्या दिवशी काहीच केलं नाही, एक आठवडा थांबून परत सोनोग्राफी केली, कारण गर्भ एवढा लहान असला की एका तपासणीवर ठाम सांगत नाहीत, चूक व्हायला नको म्हणून. मग तीन रस्ते सांगितले, आपोआप पडायची वाट बघायची, गोळ्या घ्यायच्या, नाहीतर सक्शनने, म्हणजे नळीने ओढून, काढायचं. वहिनीने गोळ्या घेतल्या, थोडं आत राहिलं म्हणून मग सक्शन केलं. आता पूर्वीसारखं खरवडत नाहीत, डब्ल्यूएचओ पण सांगतं की सक्शन वापरा, ते जास्त सुरक्षित. आणि पुढचं बाळ राहायला याने सहसा काही अडत नाही. वहिनीचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह आहे म्हणून ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन पण दिलंय, मी दादाला फोनवर तेच पहिलं विचारलं होतं. ते महाग इंजेक्शन कशाला असं नाना म्हणाले होते ना, ते यासाठी, की पुढच्या बाळाला त्रास होऊ नये. त्याची चिठ्ठी जपून ठेवा, टाकू नका.

तुझे डिंकाचे लाडू मात्र चालू ठेव, त्याबाबतीत मी तुझ्याच बाजूने आहे. तिचं हिमोग्लोबिन कमी आलंय, लोहाची गोळी जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत दे, चहासोबत नको, आणि मला माहितीये आपल्या घरी सगळं चहासोबतच होतं. थोडं थोडं रक्त एक-दोन आठवडे गेलं तर चालतं. पण तासाला दोन पॅड भिजायला लागले आणि तसंच पुढच्या तासातही चालू राहिलं, किंवा ताप आला, घाण वास यायला लागला, चक्कर आली, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, नानांना उठव, १०८ ला फोन लाव. तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून गाडी गल्लीच्या बाहेर थांबवू नका.

आता दादाचं, कारण त्याच्याबद्दल घरात कोणी एक शब्द काढत नाही. त्याला सगळ्यांनी एकच सांगितलं, तू खचू नको, तिला सांभाळ. तो त्याच दिवशी संध्याकाळी केळीची गाडी भरायला गेला, आणि नाना तुम्ही काकांना कौतुकाने सांगितलंत की पोरगं खंबीर आहे. नाना, तो रात्री शेडमधून मला फोन करतो. बोलत काही नाही, नुसता हं हं करतो, मग म्हणतो झोप तू, ड्युटी असेल. बाप तो पण होणार होता. न्यूझीलंडमध्ये तर २०२१ पासून अशा वेळी नवऱ्याला पण तीन दिवस पगारी सुट्टी देतात. आपल्याकडे वावराला सुट्टी कोण देणार, ते तुम्हीच देऊ शकता. एक दिवस त्याला सोबत घेऊन अमळनेरला वगैरे जा काहीतरी काम काढून, आणि रस्त्यात "अजून वय आहे तुमचं" असं म्हणू नका, ते त्याला माहिती आहे. नुसतं "वाईट झालं रे" एवढं म्हटलं तरी पुरे.

झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं दोघांपैकी कुणाचंही दोन आठवड्यांच्या वर चाललं तर त्याला नखरे म्हणायचं नाही. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. दादाला मी तो पाठवलाय, त्याने वाचून ठेवून दिला असेल, तुम्ही सांगितलं तर लावेल.

वहिनीच्या पतपेढीतल्या नोकरीचं पण ऐका. नोकरी सोडायची गरज नाहीये, नोकरीमुळे काही झालेलं नाही आणि घरी बसून ती जास्त विचार करेल असं मला वाटतं. १९६१ च्या मातृत्व लाभाच्या कायद्यातच होतं, आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, की गर्भपात झाला तर दुसऱ्या दिवसापासून ६ आठवडे पगारी रजा मिळते, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. बाळंतपणाची रजा सगळ्यांना माहिती असते, ही कोणालाच नसते, मॅनेजरला पण नसेल. दादाने सर्टिफिकेट जोडून अर्ज द्यावा, लाजायचं काही कारण नाही.

आणि पुढचं कधी, हा प्रश्न तुम्ही दोघांनी विचारायचाच नाही. डॉक्टर सांगतील, साधारण एक पाळी नीट येऊन गेली आणि दोघांचं मन झालं की बघतात. एकदा असं झालं म्हणजे पुढेही होणारच असं नसतं, बहुतेकींचं पुढचं बाळंतपण व्यवस्थित होतं, दोन-तीनदा झालं तरच सगळ्या तपासण्या मागे लावतात. तरी थायरॉईड आणि शुगर करून घ्या म्हटलंय मी, ते साधं आहे. फोलिक ॲसिडची गोळी आधीपासूनच चालू करायची. आणि दादाची तंबाखू. ती सुटलीच पाहिजे, ते फक्त बाईच्या पोटाचं नसतं. नाना, तुमची डबी समोर दिसत असताना तो कशी सोडेल ते पण बघा.

सप्तशृंगीला जायचं तर मी पण येते, सगळे जाऊ, तिला बरं वाटेल. पण त्या भगताकडची पुडी तिला खायला द्यायची नाही. अंगारा कपाळाला लाव, पोटात नको. त्या पुडीत काय असतं ते त्यालाही माहीत नसतं आणि नंतर निस्तरायला आमच्याकडे येतात.

अजून एक राहिलंच. मावशीच्या सुनेचं डोहाळजेवण आहे, तू म्हणालीस वहिनीला नको नेऊ, शुभकार्य आहे. मला राग आला होता ते ऐकून, आता शांतपणे सांगते. तिला विचार, येतेस का. ती नको म्हणाली तर आग्रह नको, हो म्हणाली तर सगळ्यांसारखीच ने, ओटी भरायला पण लाव. तिने काय करायचं ते तिला ठरवू दे.

श्रावणात कानबाई बसेल तेव्हा सगळे भाऊबंद घरी येतील, रोट होतील, आणि पहिल्याच पंगतीत काकू वहिनीला विचारणार, काय मग, काही गोड बातमी? तेव्हा वहिनीने मान खाली घालायच्या आधी आई तू बोल. "झालं होतं, गेलं, आता बरी आहे ती, तू वाढ तिकडे", एवढंच बोल. तू बोललीस की काकू परत विचारणार नाही, तुला घाबरते ती. मी रजा टाकली आहे, शनिवारी दुपारपर्यंत पोचते. नाना, थायरॉईडचा रिपोर्ट आला की दादाला फोटो पाठवायला सांगा, आणि मागच्या वेळेसारखा अर्धा कापलेला नको, तारीख दिसली पाहिजे.

तुमची
बेबी